खोट सांगा, गूळ घ्या

एका राज्यात घर बांधण्याआधी ते जमिनीवर राहून पाहायची रीत होती.

घरधनीण स्वतःच्या हाताने फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढी. जिथे भिंत यायची तिथे रेघ, जिथे दार यायचे तिथे रेघेत मोकळी जागा. मग सारे कुटुंब एक दिवस त्या रेघांत राही. चुलीच्या जागी चूल मांडायची, निजायच्या जागी चटई टाकायची, आणि रेघ ओलांडायची नाही. भिंतीतून कोणी चालते का? दारातून जायचे, दारातून यायचे. शेजारीपाजारी येत, सगेसोयरे येत, रेघांमधून हिंडत. घरधनीण हातात परात घेऊन उभी राही आणि म्हणे, "खोट सांगा, गूळ घ्या."

"वहिनी, न्हाणीघर विहिरीपासून लांब पडतंय."

घ्या गूळ.

"माई, या जिन्याखाली तुमचे यजमान रोज डोकं आपटून घेतील."

घ्या गूळ. एक खडा त्यांच्यासाठीही न्या.

संध्याकाळी ओल्या केरसुणीने चुकलेल्या रेघा पुसायच्या, नव्या ओढायच्या, आणि मगच कुदळ मारायची. या रीतीला रेघवस्ती म्हणत. त्या राज्यात घरे साधी असत, पण कोणाचे घर पडल्याचे कोणी ऐकले नव्हते.

पडले ते एकच. राजाचे.

राजाचे नाव वज्रधर, राणीचे हेमलेखा. त्यांचा महाल राजाच्या आजोबांनी बांधला होता. वर सोन्याचे कळस, खाली तळघरात खजिना. एका दुपारी घरातली माणसे बागेत आंबे उतरवताना पाहत उभी होती, आणि महाल मागच्या मागे खाली बसला. थोरली राजकन्या शलाका तेवढी आत निजली होती. ती नऊ वर्षांची होती.

दगड गेले त्याचे कोणाला काही वाटले नाही.

नदीकाठी राहुट्या पडल्या. एका राहुटीत राजमाता आईसाहेब, दुसरीत राजा, राणी आणि धाकटी राजकन्या केतकी. आईसाहेबांच्या जिभेला सारे राज्य भिई. भाताची वाफ कमी बसली तर त्यांना वासावरून कळे. लग्नाला गेल्या तर नवरदेवाचा फेटा तिरका आहे हे पहिल्यांदा त्या सांगत. पण मनात काही ठेवत नसत, आणि कोणी आजारी पडले की पेजेची वाटी घेऊन पहिल्यांदा त्याच जात. म्हणून लोक त्यांना भीत आणि बोलावतही.

केतकी राहुटीचा दोर मुठीत धरून निजे. मुठीतून दोर सुटला की जागी होई.

एकदा तिने विचारले, "आई, दगडाच्या घराला दोर असतो का ग?"

"नसतो, बाळ."

"मग पडायला लागलं की कळतं कसं?"

राणीने दोर तिच्या मुठीत नीट दिला. सकाळी ती राजाकडे गेली आणि म्हणाली, "महाराज, घर बांधू या. ही पोर दोर सोडून निजली पाहिजे."

राजा म्हणाला, "आखणी कर. मी दगड आणवतो."

राणीने नदीपासून जरा वर, कडुनिंबाच्या सावलीत जागा निवडली आणि फक्कीची टोपली कमरेवर घेतली. हात तिचा रांगोळीचा होता. त्या राज्यात तिच्यासारखी रांगोळी कोणी काढत नसे, रेघेला रेघ अशी मिळे की सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते दिसू नये. तिने ओसरी आखली. माजघर आखले. देवघर, स्वयंपाकघर, आईसाहेबांना उन्हाची खोली, केतकीला कडुनिंबाखालची. मधल्या चौकाला लागून एक लहानशी खोली आखली, तिच्यात चंदनाचा पाट मांडला, आणि चारही बाजूंची रेघ कोपऱ्याशी नीट जुळवून घेतली. मग ती उठली, हात झटकले आणि गुळाची परात घेऊन उभी राहिली.

लोक आले. हिंडले. राणी म्हणाली, "खोट सांगा, गूळ घ्या."

दिवाणजींनी स्वयंपाकघर पाहिले, कपाळाला आठी घातली, तोंड उघडले आणि म्हणाले, "काय सुरेख स्वयंपाकघर!" म्हणाले आणि स्वतःच दचकले.

कुंभारीण देवघरापाशी थबकली. चुलीचा धूर सरळ देवांच्या डोळ्यांत जाणार हे आंधळ्यालाही दिसले असते. ती म्हणाली, "देव सुखी होतील हो इथे!"

मग आईसाहेब निघाल्या. सारे लोक सरसावून उभे राहिले. आईसाहेबांनी ओसरी पाहिली, नाक मुरडले, कंबरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "सूनबाई, असं घर त्रिभुवनात नाही!"

आणि लगेच दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःचे तोंड दाबून धरले.

परातीतला गूळ तसाच राहिला. मुंग्यांनी खाल्ला. भिंती उभारल्या, छताला टेकल्या, आणि एका सकाळी पाहतात तो भिंती जमिनीत गेलेल्या. चिरा नाही, ढिगारा नाही. फक्कीच्या रेघा तेवढ्या वर राहिलेल्या, पहिल्यासारख्या पांढऱ्या.

पुन्हा रेघवस्ती झाली. पुन्हा लोकांनी तोंड उघडले, पुन्हा स्तुती बाहेर पडली. पुन्हा भिंती उभ्या राहिल्या, आणि पुन्हा गेल्या.

त्या दिवशी राहुटीच्या खांबावर एक साळुंकी येऊन बसली. तिने मान वाकडी केली आणि माणसाच्या भाषेत बोलली.

"राणी, तुमच्या घराण्यासाठी लोकांच्या जिभेवर गाठ मारलेली आहे. तुमच्या घराची खोट कोणाला सांगता येत नाही. आणि ज्या घराची खोट सांगितली गेली नाही ते घर उभं राहत नाही. दोनदा भिंती गेल्या. तिसऱ्यांदा जमीन जाईल आणि इथे डोह होईल. ज्याला घर नाही त्याला सिंहासन नाही, हा तुमचाच कायदा. मग तुम्ही राज्याबाहेर."

राजाने विचारले, "गाठ कोणी मारली?"

"तमसा चेटकिणीनं. ती डोंगरमाथ्यावर राहते. मी तिचीच साळुंकी."

राजाने तलवार कमरेला बांधली. राणी म्हणाली, "महाराज, तलवार राहू द्या आणि आपणही राहा. आखणी माझ्या हातची आहे. मी जाते."

आईसाहेबांनी भाकरी बांधून दिली. म्हणाल्या, "चटणी वेगळ्या फडक्यात आहे. एकत्र बांधून भिजवशील, तुला सवय आहे." भाकरीविषयी त्यांची जीभ मोकळी होती.

डोंगरमाथ्यावर तमसेचे घर होते. म्हणजे भिंती नव्हत्या, छप्पर नव्हते, नुसत्या फक्कीच्या रेघा होत्या. बाहेर वारा माणसाला लोटत होता आणि रेघेच्या आत चुलीची ज्योत हलत नव्हती. एक बिबळ्या आला, रेघेपाशी हुंगला आणि भिंतीला वळसा घालावा तसा वळसा घालून निघून गेला. राणी रेघेतल्या मोकळ्या जागेपाशी उभी राहिली.

"आत येऊ?"

तमसा म्हातारी होती आणि तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिले.

"दारातून विचारलंस. तुझे आजेसासरे रेघ तुडवत आले होते. ये."

राणी आत गेली. तमसा म्हणाली, "त्यांच्या रेघवस्तीला मीही गेले होते. मी खोट सांगितली. म्हटलं, राजा, तळघर सोन्यानं भरू नकोस, वर लेकरांच्या खोल्या आहेत, एक दिवस जमीन पोकळ होईल. राजा म्हणाला, माझ्या घराला नावं ठेवणारी तू कोण? मला गूळ दिला नाही. मी मागितला तर त्यानं तो खडा पेटीत घालून खजिन्यात ठेवला, आणि दारातून हाकलून दिलं. तेव्हा मी गाठ मारली. म्हटलं, स्तुती हवी ना? मग पिढ्यान्पिढ्या स्तुतीच ऐका."

राणी हळूच म्हणाली, "बाई, ज्यानं हाकललं तो कधीच गेला. महाल माझ्या लेकीवर पडला."

तमसेचे हात तांदळात थांबले. तिने सूप बाजूला ठेवले. मग म्हणाली, "गाठ मारताना मी रागात होते. सोडवायची तर तीन कामं कर. माझी साळुंकी तुझी खोट सांगेल, ती उलट उत्तर न देता ऐक. खिंडीतल्या राक्षसाच्या घराची खोट त्याला सांग आणि जिवंत परत ये. आणि माझा गूळ मला आणून दे."

साळुंकी चुलीच्या कडेला बसली आणि लगेच सुरू झाली.

"तू वरणात हिंग विसरतेस. नवऱ्यानं विचारलं तर घातलाय म्हणतेस. सासू चटणी वेगळी बांधून देते आणि तू वाटेत एकत्र करतेस, आजही केलीस. दासीला रागावतेस आणि मग स्वतः रडतेस, म्हणजे तिलाच तुझी समजूत घालावी लागते."

राणीला हसू आले. ते तिने ओठांत धरले.

"आणि धाकटीला हाक मारताना तू आधी थोरलीचं नाव घेतेस. शलाका, मग थांबतेस, मग केतकी. पोर पहिल्या नावालाच ओ देते. तिला वाटतं, आपल्या नावाची सुरुवातच तशी आहे."

राणीने तोंड उघडले. सांगण्यासारखे पुष्कळ होते. नऊ वर्षे जे नाव जिभेवर होते ते एकाएकी जाते का, हे सांगायचे होते. तिने पदराचे टोक दातांत धरले आणि शेवटपर्यंत ऐकले. साळुंकी उडून गेली. पहिले काम झाले.

खिंडीत राक्षसाचे घर होते, टेकडीएवढ्या धोंड्यांचे. ज्याने त्या घराला छान म्हटले त्याला राक्षसाने खोटारडा म्हणून खाल्ले. ज्याने वाईट म्हटले त्याला उर्मट म्हणून खाल्ले. दारात दोन्ही प्रकारच्या लोकांच्या वहाणा पडल्या होत्या.

राक्षस वाकून बाहेर आला आणि गरजला, "बाई, माझं घर कसं आहे?"

राणीने घराकडे पाहिलेच नाही. तिने त्याच्या कपाळाकडे पाहिले. तिथे नारळाएवढे टेंगूळ होते, त्यावर जुनी खूण, तिच्यावर ताजी.

ती म्हणाली, "दादा, कपाळ फार दुखतं का हो?"

राक्षसाने टेंगळावर हात ठेवला. मग म्हणाला, "दुखतं. सकाळी उठतो तेव्हा एक लागतं, पाणी आणायला जातो तेव्हा दुसरं."

"हळद लावता का?"

"कोण लावणार?"

राणीने ओढ्याकाठची रानहळद उपटून दगडावर वाटली. तो गुडघे टेकून बसला तेव्हा तिचा हात जेमतेम पोचला. लेप लावता लावता ती म्हणाली, "हे घर बांधलंत तेव्हा तुम्ही लहान असाल."

"आईबरोबर बांधलं. मी तेव्हा एवढासा होतो." त्याने ताडाएवढा हात केला.

"तुम्ही वाढलात, चौकट तेवढीच राहिली. वरचा धोंडा काढा, दादा. आईनं लावलेला असला तरी काढा. तिला काय तुमचं कपाळ फुटायला हवं होतं?"

राक्षसाचा श्वास खिंडीत वाऱ्यासारखा घुमला. तो रडत होता. त्याने दोन्ही हातांनी वरचा धोंडा उचलला आणि दाराशेजारी बसायला ठेवला. मग तो ताठ उभा राहून आत गेला, ताठ बाहेर आला, पुन्हा आत गेला. लहान मुलासारखा तो बराच वेळ तेच करत राहिला. राणी निघाली तेव्हा म्हणाला, "ताई, भाऊबीजेला ये." दुसरे काम झाले.

तिसरे काम राहिले. त्यासाठी राणीला पडलेल्या महालात जायचे होते, आणि ती त्या दिवसानंतर तिकडे गेली नव्हती.

ढिगाऱ्यावर घाणेरीची झाडे आली होती. राणी दगड धरत, उतरत तळघरापाशी गेली. तिथे मोडकी पेटी होती आणि पेटीभोवती काळा नाग वेटोळे घालून बसला होता. पेटीत गुळाचा खडा होता, पण तो सोन्याचा झाला होता, आणि बोट लावावे तिथे थंड होता.

नाग म्हणाला, "ने. पण फार जड आहे. या घरात कोणाला न सांगता आलेली प्रत्येक खोट यात साठली आहे."

राणीने खडा उचलला. लिंबाएवढा खडा, पण तिचे खांदे खाली आले. खड्याखाली पाहते तो चुऱ्यात काहीतरी चमकले. चांदीचे पैंजण होते, लहान पायाचे, एकच. राणीने ते पदराला पुसले आणि कमरेला खोचले. तिने आक्रोश केला नाही. नागाने वेटोळे सोडले आणि मान वळवली, तिच्याकडे पाहू नये म्हणून.

डोंगरमाथा चढून ती तमसेच्या दारात उभी राहिली आणि सोन्याचा खडा पुढे केला. म्हणाली, "आमच्या घराची खोट सांगितलीत. हा घ्या गूळ. द्यायला फार उशीर झाला."

तमसेने तळहात पुढे केला. खडा तिच्या हातावर पडला, आणि कुठून तरी एक मुंगी आली व त्यावर चढली. गूळ झाला होता. तमसेने त्याचे दोन तुकडे केले. एक तोंडात टाकला, दुसरा राणीच्या हातावर ठेवला.

"हा तुझ्या लेकीच्या नावाचा. जा, जिभेची गाठ सुटली. पण नीट ऐक. स्तुतीची गाठ माझी होती. खोट दडवलेलं घर उभं राहत नाही, हा मात्र माझा शाप नव्हे. ते घराचं लक्षणच आहे. ते मला सोडवता येत नाही."

राणी परतली आणि तिसरी रेघवस्ती भरली. पुन्हा तिने टोपली घेतली, पुन्हा तेच घर आखले, चौकालगतची लहान खोलीही तशीच, आत तोच पाट. परात हातात घेतली.

"खोट सांगा, गूळ घ्या."

 मग कुंभारीण घाबरत म्हणाली, "राणीसाहेब, चुलीचा धूर देवांच्या डोळ्यांत जाईल." म्हणाली आणि आनंदाने ओरडलीच, "अगं बाई, बोलता आलं!"

मग काय विचारता. दिवाणजी म्हणाले स्वयंपाकघर पश्चिमेला नको, उन्हाळ्यात आचारी वितळेल. कोणी म्हणाले पायऱ्या उंच आहेत. कोणी म्हणाले धान्याची खोली दमट होईल. राजानेही धीर करून सांगितले, "माझ्या निजायच्या खोलीत पुस्तकं ठेवायला फडताळ नाही." त्यालाही गूळ मिळाला.

आईसाहेब तर थांबेचनात. "ओसरी आहे की बोळ? आलेला पाहुणा बसणार की आडवा उभा राहणार? न्हाणीघराचं पाणी कुठं जाईल, माझ्या खोलीत? तुळशीला ऊन कुठून येणार, उसनं आणणार?" प्रत्येक वाक्याला त्या हात पुढे करत आणि गूळ पदरात बांधत. शेवटी पदर जड झाला. लोक हसून हसून खाली बसले. राणीही हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

फक्त त्या लहान खोलीपाशी आले की लोक पदर सावरून, धोतर सावरून, वळसा घालून पुढे जात. कुंभारणीने तिथे तोंड उघडले, राणीकडे पाहिले, तोंड मिटले, आणि म्हणाली, "जातं जरा कडेला घ्या." दिवाणजींनी तिथे आकाशाकडे पाहिले. राजाने मान खाली घातली. बोलत्या आईसाहेब तिथे आल्या आणि त्यांना एकाएकी खोकला आला.

चुकलेल्या रेघा पुसल्या, नव्या ओढल्या. सकाळी पाया भरायला घेतला. पहिला दगड बसला. दुसरा बसला. तिसरा बसला, आणि त्याच्याखाली ओल चढू लागली. मग पाणी आले. दगड हळूहळू खाली जाऊ लागले.

लोक ओरडले. राजाने दोन्ही हातांनी एक दगड धरून ठेवला, तर तोही दगडाबरोबर वाकत चालला. केतकी धावत राहुटीकडे गेली आणि तिने दोर धरला.

राणी म्हणाली, "आता कोणती खोट राहिली? सांगा ना कुणीतरी! जीभ तर सुटली!"

कोणी बोलेना.

मग आईसाहेब पुढे आल्या. हातातली काठी टेकत, दारादारातून, एकही रेघ न ओलांडता त्या चौकात आल्या. लहान खोलीच्या रेघेशी उभ्या राहिल्या.

"सूनबाई, इकडे ये. काल दिवसभर या खोलीला वळसा घालत होतीस. पाय दुखतात का ग?"

"नाही, आईसाहेब. सवय आहे."

"माझे दुखतात." त्यांनी काठीवर भार टाकला.  "त्या महालात पोरीच्या पलंगावरच्या भिंतीला तडा गेला होता. मी पाहिला होता. सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, किती छान नक्षी. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा तेच. तेव्हा जिभेवर गाठ होती. आज गाठ नाही. आज गप्प बसले तर तो शाप कुणाचा, सांग?"

 राणीच्या पायांखाली ओल चढत होती.

आईसाहेब म्हणाल्या, "या खोलीला दार नाही, बाळा."

त्यांनी सुनेला कधी बाळा म्हटले नव्हते.

राणी म्हणाली, "रांगोळीचा हात आहे. रेघ जुळून गेली."

"बाकीच्या खोल्यांची नाही जुळली."

राणी खाली बसली. मग म्हणाली, "दार ठेवलं तर ती जाईल, आईसाहेब."

"ती गेली, हेमा. आत कुणी नाही. आम्ही सगळे बाहेर आणि तू आतही नाहीस, बाहेरही नाहीस, नुसती रेघेवरून फिरतेस. त्या पोरीलाही इथे यायचं झालं, आठवण म्हणून का होईना, तर ती कुठून येईल?"

राणीने रेघेकडे पाहिले. जिने ओढली तिनेच पुसायची, अशी रीत होती. तिने उजवा तळहात फक्कीवर ठेवला आणि सरकवला. एवढीशी मोकळी जागा झाली. मग अजून थोडी. मग एका माणसाला जाता येईल एवढी.

ती दारातून आत गेली आणि पाटाशेजारी बसून रडली. महाल पडल्यापासून शलाकेसाठी ती पहिल्यांदा रडली. आईसाहेब काठी टाकून, गुडघ्यांवर हात रोवून आत आल्या आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

राजाच्या हातातला दगड खाली जायचा थांबला. ओल विरली. माती कोरडी पडून पांढुरकी झाली. राजा दगड सोडायला तयारच होईना. शेवटी दिवाणजींनी त्याची बोटे एकेक करून सोडवली.

राणीने डोळे पुसले आणि राहुटीकडे पाहून हाक मारली.

"केतकी!"

दोर धरून उभी असलेली पोर क्षणभर घुटमळली. नावाचा पहिला भाग आलाच नाही, असे तिला वाटले असावे. मग दोर सोडून ती धावत आली, आणि दारातून आत शिरली.

भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढले, आणि पावसाळे आले नि गेले तरी घर तसेच राहिले. राज्यात ज्याची त्याची जीभ ज्याच्या त्याच्या ताब्यात आली. राजा सिंहासनावर बसू लागला, पण दरबार सुरू करताना आधी गुळाची परात फिरवू लागला. तमसा वास्तुशांतीला आली, दारातून आली, आणि राक्षस भाऊबीजेला आला तेव्हा अंगणातच जेवला. ओसरीची चौकट त्याच्या घोट्याएवढी होती.

चौकालगतच्या खोलीत आता पाटावर केतकी धुळाक्षरे काढते. त्या खोलीच्या दारावर राणीने ते एक पैंजण टांगले आहे. कोणी आत गेले की वाजते, बाहेर आले की वाजते. आईसाहेब दिवसातून कितीदा तरी उगीचच आत जातात. आणि जाताना म्हणतात, "दार अरुंदच झालं, सूनबाई. सांगून ठेवते."

राणी परात घेऊन येते.

असे त्यांचे घर उभे राहिले. तुम्ही घर आखाल तेव्हा दारापाशी गूळ ठेवा, आणि जो बोलता बोलता गप्प होतो त्याला आधी द्या.